१९२ तास

१० जून २०२०, बुधवार. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, म्हणजे अख्खा जिल्हा ज्याला नुसतं 'सिव्हिल' म्हणतो ते. तिथल्या कोविडच्या सात नंबर वॉर्डात दुर्गंधी येऊ लागली, म्हणून स्वच्छतागृहाचं आतून बंद असलेलं दार सकाळी उघडलं गेलं. आत ८२ वर्षांच्या एका आजींचा मृतदेह होता. कोविडसाठी दाखल झालेल्या या आजी २ जूनपासून 'बेपत्ता' होत्या. दवाखान्यात त्यांचा पत्ता नाही म्हणून पोलिसांत नोंद झाली होती. त्या दवाखान्यातच होत्या.

पुढचा घटनाक्रम या दारापासून मागे मोजला आहे. १० जूनची सकाळ म्हणजे शून्य, आणि तास ढोबळ आहेत. मात्र सुरुवात बरीच मागे जाऊन करावी लागते, आणि तीही जळगावात नाही, धुळ्यात.

साधारण २८,४०० तास आधी. १२ मार्च २०१७, धुळे

रविवार, होळीचा दिवस. भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. ड्यूटीवर होता अस्थिरोग विभागातला निवासी डॉक्टर. मेंदूवर शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ तिथे नव्हते. दुसरीकडे न्यावं लागेल, असं त्याने सांगितलं. सोबतच्या जमावाने त्या डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. पुढच्या काही दिवसांत राज्यात आणखी हल्ले झाले, हजारो निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. वैद्यकीय शिक्षण खातं तेव्हा गिरीश महाजनांकडे होतं, जामनेरचे, म्हणजे जळगाव जिल्ह्याचेच. सरकारने राज्य सुरक्षा महामंडळाचे ११०० रक्षक द्यायचं कबूल केलं, आणि एका रुग्णामागे दोनच नातेवाइकांना पास द्यायचं ठरलं.

डॉक्टरांची मागणी रास्त होती, यात वाद नाही. मार खात नोकरी कुणी करायची? पण तोडगा कशावर निघाला ते बघण्यासारखं आहे. तज्ज्ञ नव्हता म्हणून भांडण पेटलं, आणि उत्तर म्हणून दाराशी रक्षक आला. नातेवाईक 'गर्दी' ठरले. ही गर्दी आत जाऊन करते काय, याची चौकशी कुणी केली नाही.

ती चौकशी झाली असती तर मोठी यादी निघाली असती. रुग्णाला पाणी पाजणं. सलाईन संपली की धावत जाऊन सिस्टरना सांगणं. बाहेरच्या मेडिकलमधून औषध आणणं, रक्तपेढीत चिठ्ठी घेऊन उभं राहणं. वॉर्डबॉय मामा सापडले नाहीत तर स्ट्रेचर स्वतः ढकलणं. रात्री म्हाताऱ्या माणसाला धरून संडासापर्यंत नेणं आणि दाराबाहेर थांबणं. आपल्या सरकारी दवाखान्यांत नातेवाईक हा बिनपगारी चतुर्थश्रेणी कर्मचारी आहे. त्याचं पद मंजूर नाही, त्यामुळे ते रिक्तही दिसत नाही. त्याचं आणखी एक काम कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण ते काम वाटतच नाही: आपलं माणूस खाटेवर आहे की नाही, हे बघणं.

साधारण १७,००० तास आधी. २०१८, जळगाव

जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. शंभर मुलांची पहिली तुकडी आली. जिल्हा रुग्णालय महाविद्यालयाला जोडलं गेलं. चिंचोलीला सगळ्या वैद्यकशाखा एका आवारात आणणाऱ्या 'मेडिकल हब'ची घोषणा त्याआधीच झालेली होती. खान्देशाच्या राजकारणात वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे मोठी कमाई असते, आणि ती खोटी नाही. जिथे तज्ज्ञासाठी नाशिक, औरंगाबाद नाहीतर मुंबई गाठावी लागते, तिथे महाविद्यालय आलं की प्राध्यापक येतात, निवासी डॉक्टर घडू लागतात.

पण एका गोष्टीची चर्चा झाली नाही. जिल्हा रुग्णालय असतं सार्वजनिक आरोग्य खात्याचं आणि महाविद्यालय असतं वैद्यकीय शिक्षण खात्याचं. दवाखाना एका खात्याकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा इमारत आणि खाटा एका आदेशाने जातात, माणसं जात नाहीत. कुणाची बदली होते, कुणी मूळ खात्यातच राहतं, नवी पदं मंजूर होतात पण भरली जायला वर्षं लागतात. जिल्हा शल्यचिकित्सक एका मंत्र्याच्या हाताखाली, अधिष्ठाता दुसऱ्याच्या. शहराचं आरोग्य महापालिकेकडे. त्यावर कोविडमध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी सगळ्यांच्या वर. चार मालकांच्या घरात रात्री दाराला कडी कुणी घातली, हे सकाळी विचारायचं नसतं.

पैशाचं सांगायचं तर, राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्च करावा, असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं आहे, आणि त्यासाठी मुदत दिली होती २०२० ची. महाराष्ट्र त्याच्या निम्म्याच्या आसपासच घुटमळत राहिला. श्रीमंत राज्य म्हणून आपण मिरवतो तेव्हा हा आकडा कुणी काढत नाही.

साधारण १,८०० तास आधी. मार्चअखेर २०२०

जळगावात कोरोनाचा पहिला रुग्ण. सिव्हिल कोविडचं रुग्णालय झालं. स्वॅब तपासायची सोय जिल्ह्यात नव्हती, नमुने धुळ्याच्या प्रयोगशाळेत जाऊ लागले. म्हणजे नमुना गाडीने शंभरेक किलोमीटर जाणार, तिथे रांगेत थांबणार आणि मग अहवाल येणार. तोवर रुग्ण 'संशयित'.

कोविड वॉर्डाचा पहिला नियम होता, नातेवाईक बाहेर. संसर्गाच्या दृष्टीने नियम बरोबरच होता. २०१७ साली दोन पासांवर आलेला माणूस आता शून्यावर आला. त्याच्या जागी कोण? मार्चमध्ये या प्रश्नाला महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी उत्तर होतं, आणि जळगाव त्यांत नव्हतं.

आतल्या माणसांची बाजूही सांगितली पाहिजे. खान्देशातला मे महिना, पारा चाळिशीच्या वर, अंगावर प्लास्टिकचा पीपीई किट. किट चढवल्यावर पाणी प्यायचं नाही, लघवीला जायचं नाही. सर्वसाधारण वॉर्डात सहा खाटांमागे एक परिचारिका असावी, हा आपल्याकडचा जुना निकष. तो सरकारी दवाखान्यात एरवीच पाळला जात नाही, तर त्या उन्हाळ्यात कुठून पाळणार? किटमधली सिस्टर राऊंड आटोपता घेते. मावशी दारातूनच जेवणाचं पाकीट सरकवते. या लोकांना राक्षस ठरवून हा घटनाक्रम समजणार नाही.

मे संपता संपता जळगावचा कोविड मृत्युदर बारा टक्क्यांच्या आसपास गेला. तेव्हा देशाचा दर तीन टक्क्यांच्या आत होता. देशातल्या सर्वात वाईट जिल्ह्यांत जळगावचं नाव आलं. लोक उशिरा येतात, वयस्कर असतात, मधुमेह-रक्तदाब असतो, ही कारणं सांगितली गेली. ती खरी होती, पण म्हातारी आणि मधुमेही माणसं बाकीच्या जिल्ह्यांतही होती. कोविडच्या रुग्णाला खाटेवरून उठून संडासापर्यंत चालत जाणंही महागात पडू शकतं, चार पावलांत ऑक्सिजन उतरतो, हे तोवर डॉक्टरांना कळून चुकलं होतं. म्हणजे संडासापर्यंतचा रस्ता हाच त्या वॉर्डातला सर्वात धोक्याचा भाग, आणि तिथेच रुग्णासोबत कुणी नव्हतं.

३३६ तास आधी. २७ मे, भुसावळ

आजींचा अहवाल पॉझिटिव्ह. भुसावळच्या रेल्वे रुग्णालयात दाखल. घरातली इतर माणसंही या आजाराच्या तडाख्यात होती. हे लक्षात ठेवायला हवं, कारण मागे धावपळ करणारं माणूस असणं हीच एरवी सरकारी दवाखान्यातली अर्धी ट्रीटमेंट असते.

२१६ तास आधी. १ जून, भुसावळ ते जळगाव

आजींना जळगावला सिव्हिलमध्ये हलवलं. त्याच दिवशी देशात दोनशे प्रवासी गाड्या पुन्हा सुटल्या. भुसावळ जंक्शनवर पुन्हा नेहमीचे प्रवासी दिसू लागले. टाळेबंदी उठत होती आणि सगळ्यांचं लक्ष आता काय उघडणार याकडे लागलं होतं.

१९२ तास आधी. २ जून, मंगळवार

आजी खाटेवर नाहीत.

वॉर्डात रुग्ण मोजण्याची पद्धत जुनी आहे. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ अशा पाळ्या बदलतात. जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला हँडओव्हर देते, खाटेखाटेने. रात्री बाराला सेन्सस लिहिला जातो: काल किती, नवे किती, सुट्टी किती, मृत्यू किती, शिल्लक किती. त्या आकड्यावर दुसऱ्या दिवशीचं जेवण निघतं. हिशेब जुळला नाही तर रुग्ण 'ॲबस्कॉन्ड' या रकान्यात जातो. बोली भाषेत, पेशंट पळाला.

हा रकाना तरण्या माणसांसाठी आहे. दारूच्या नशेत आलेला, बिलाला भिणारा, पोलिस केस असलेला. ८२ वर्षांची कोविडची रुग्ण, दाराला सुरक्षारक्षक, बाहेर संचारबंदीचं शहर. ती पळून जाईल कुठे? पण रकाना तयार असला की त्यात नाव घालणं सोपं जातं. आणि एकदा माणूस 'निघून गेलं' असं ठरलं की त्याचा शोध बाहेर सुरू होतो.

१६८ तास आधी. ३ जून

निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं. मंत्रालय, माध्यमं, सगळी यंत्रणा कोकणाकडे बघत होती. त्याच दिवशी राज्यात टाळेबंदी शिथिल करणारं 'मिशन बिगिन अगेन' सुरू झालं. जळगावात आजींचे कुटुंबीय फोन करत होते. आपल्याला धड उत्तर मिळालं नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं.

धड उत्तर देणार तरी कोण? आपल्या सिव्हिलमध्ये चौकशीचा फोन हे कुणाचंच काम नसतं. एरवी नातेवाईक स्वतः आत जाऊन बघून येतो, त्यामुळे फोनवर सांगण्याची व्यवस्था कधी उभीच राहिली नाही.

१२० तास आधी. ५ जून

वटपौर्णिमा. नऊ पाळ्या उलटल्या.

मधल्या दिवसांत जिल्हा पेठ पोलिसांत बेपत्ता असल्याची नोंद झाली. म्हणजे पोलीस, रुग्णालय आणि घरचे, तिघेही शोधत होते. वॉर्डातलं बंद दार मात्र कुणी ठोठावलं नाही, किंवा ठोठावून उत्तर आलं नाही म्हणून पुढे गेलं. संडासाचं दार आतून बंद असेल तर आत कुणीतरी आहे, असं समजून आपण सगळेच मागे फिरतो. एकदा फिरणं स्वाभाविक आहे. पण आठ दिवस?

इथे सफाईचा प्रश्न येतो. कोविड वॉर्डात फरशी आणि स्वच्छतागृह दिवसातून अनेकदा जंतुनाशकाने पुसायचं, अशा सूचना होत्या. सूचनांचे कागद प्रत्येक दवाखान्यात लागले होते. त्या कागदाखाली सही करायला जागा असते, आणि सही करायला स्वच्छतागृह उघडावं लागत नाही.

७२ तास आधी. ७ जून

महाराष्ट्रातल्या रुग्णांची एकूण संख्या चीनच्या पुढे गेली. दिवसभर वाहिन्यांवर हाच आकडा. रोज संध्याकाळी जिल्हाही आपला आकडा देत होता: नवे, बरे, मृत, उपचाराधीन. या चारांपैकी कुठल्याच रकान्यात आजी बसत नव्हत्या.

२४ तास आधी. ९ जून

वॉर्डात रुग्ण होते. ते रुग्ण तेच स्वच्छतागृह वापरत होते, शेजारच्या बंद दारावरून ये-जा करत होते. त्यांच्याही बाजूला कुणी नातेवाईक नव्हता.

२ तास आधी. १० जून, सकाळी ८

पाळी बदलण्याची वेळ. एरवीच्या हिशेबाने २ जूनपासूनची चोविसावी पाळी संपली. चोवीस वेळा वॉर्डाचा ताबा एका हातातून दुसऱ्या हातात गेला होता.

शून्य

दार उघडलं. त्याच दिवशी केंद्र सरकारच्या आकड्यांत, देशात बरे झालेल्यांची संख्या पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त झाली होती. महाराष्ट्राची एकूण संख्या ९४ हजारांवर होती.

नंतर

इथून पुढचं फार वेगाने झालं. आठ दिवस जे हललं नाही ते काही तासांत हललं. अधिष्ठात्यांसह काही डॉक्टर आणि कर्मचारी निलंबित झाले. निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला गेला. वैद्यकीय शिक्षणमंत्री होते अमित देशमुख, आरोग्यमंत्री राजेश टोपे, पालकमंत्री गुलाबराव पाटील. तिघे तीन पक्षांचे, आणि आधी सांगितलेल्या दोन्ही खात्यांचे कारभारी वेगवेगळे. विरोधकांनी राजीनामे मागितले. विरोधकांतलेच गिरीश महाजन सात महिन्यांआधीपर्यंत याच खात्याचे मंत्री होते, याची आठवण सत्ताधाऱ्यांनी करून दिली नसती तरच नवल. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने कोविड रुग्णांवरील उपचार आणि मृतदेहांची हेळसांड यांची स्वतःहून दखल घेऊन दिल्ली, महाराष्ट्र, तमिळनाडू आणि पश्चिम बंगालला नोटिसा दिल्या. त्याच महिन्यात जळगावचे जिल्हाधिकारीही बदलले, अभिजित राऊत आले.

निलंबन ही आपल्या आरोग्यव्यवस्थेतली सर्वात स्वस्त सुधारणा. त्याला अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही, भरती लागत नाही, निविदा लागत नाही. एका कागदावर सरकार जागं असल्याचं दिसतं. दोषी माणसाला शिक्षा व्हायलाच हवी, त्याबद्दल शंका नाही. पण निलंबनाच्या आदेशात आणखी एक काम उरकलं जातं: जे व्यवस्थेत होतं ते चार माणसांत होतं, असं ठरतं.

जळगावने मात्र यानंतर एक खरं काम केलं, आणि त्याची वाहवा निलंबनाच्या बातमीइतकी झाली नाही. कोविड वॉर्डांत 'बेडसाइड असिस्टंट' नेमले. खाटेशेजारी राहायचं, पाणी द्यायचं, जेवण भरवायचं, ऑक्सिजनचा मास्क नीट आहे का बघायचं, संडासला नेऊन परत आणायचं. वर दिलेली नातेवाइकाच्या कामांची यादी पुन्हा वाचा. मार्चमध्ये दारातून बाहेर काढलेला माणूस उन्हाळा संपल्यावर पगार देऊन आत घेतला. तपासण्या वाढल्या, रुग्ण लवकर सापडू लागले, खाटा आणि ऑक्सिजनची सोय सुधारली. पुढच्या काही महिन्यांत जळगावचा मृत्युदर झपाट्याने उतरला. यात कशाचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. पण ज्या पदाचं अस्तित्वच कधी मान्य नव्हतं ते भरलं गेलं, एवढं नक्की.

ही सुधारणा कोविडपुरतीच होती. लाट ओसरली, निर्बंध उठले, नातेवाईक आपापल्या पिशव्या घेऊन वॉर्डात परतले आणि पुन्हा खाटेखाली चटई टाकून झोपू लागले. बिनपगारी माणूस परत मिळाल्यावर पगारी माणसाची गरज कुणाला वाटणार?

मग ऑक्टोबर २०२३. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू, त्यांत नवजात बाळंही होती. औषधं आणि माणसं यांच्या तुटवड्याची तीच चर्चा. तिथे एक खासदार गेले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावलं, कॅमेऱ्यासमोर. लोकप्रतिनिधीचा राग समजू शकतो. पण त्या स्वच्छतागृहासाठी सफाई कामगारांची किती पदं मंजूर आहेत, किती भरली आहेत आणि ठेकेदार किती माणसं पाठवतो, हे तीन आकडे त्यांनी त्याच अधिष्ठात्यांकडून मागून घेतले असते तर संसदेत बोलायला काहीतरी मिळालं असतं. जळगावचं स्वच्छतागृह आणि नांदेडचं स्वच्छतागृह यांत तीन वर्षं गेली होती, सरकारही बदललं होतं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. निर्णय चांगला आहे, गर्दी वाढणार हे उघड आहे, आणि गर्दी वाढली की वॉर्डातली माणसं कमी पडणार हेही. त्यात वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालयं वेगळी. म्हणजे रुग्णाला आपण कुठल्या खात्याच्या दारात उभे आहोत, हे आधी ओळखावं लागतं.

जळगाव-धुळ्याच्या वाचकाला एकच विनंती. पुढच्या वेळी आमदार किंवा पालकमंत्री सिव्हिलच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला येतील तेव्हा त्यांच्याकडे आणखी इमारत मागू नका. वॉर्डाच्या दारावर एक फळा मागा. त्यावर दर पाळीला लिहिलेलं असावं: आत रुग्ण किती, सिस्टर किती, मामा-मावशी किती, आणि स्वच्छतागृह शेवटचं कुणी, किती वाजता उघडून बघितलं. चार ओळींचा फळा आहे, जिल्हा नियोजनच्या निधीतून सहज बसेल.